उपचार-तलावाचा पंप

आमच्या रुग्णालयातील उपचार-तलाव पाहावयास येणारे देणगीदार निळ्या फरशीचे व नितळ पाण्याचे कौतुक करतात. ते पाणी ज्या यंत्रावर अवलंबून आहे, ते मात्र मागील बाजूस, पायऱ्या उतरून गेल्यावरच्या खोलीत आहे. तलाव एखाद्या दिवशी बंद ठेवला की, ‘पाणी तर स्वच्छ दिसते, मग मुलाचा व्यायाम का चुकवायचा?’ असे रुग्णांचे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या खोलीत असल्यामुळे यंदाच्या अहवालात त्याविषयी थोडे लिहीत आहोत.

कमरेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे निम्माच भार येतो. पाणी मानेपर्यंत असल्यास तो जवळपास एक-दशांशावर उतरतो. जमिनीवर पाऊल न उचलणारा पक्षाघाताचा रुग्ण पाण्यात चालू लागतो, तो यामुळे. स्नायू सैल राहावेत म्हणून पाणी ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. नेमकी हीच ऊब जंतूंनाही मानवते आणि तिच्यामुळे क्लोरीनही लवकर संपते. स्यूडोमोनास नावाचा जंतू अशा पाण्यात वाढला तर पुरळ वा कानाचा संसर्ग होतो. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णास धोका त्याहून मोठा. पाणी दिसावयास नितळ असले, तरीही.

तलावात सुमारे ४८ हजार लिटर पाणी मावते. पंप तासाला ३२ हजार लिटर पाणी ओढून, वाळूच्या गाळणीतून काढून परत सोडतो. म्हणजे दीड तासात एक फेरी. मात्र एका फेरीत सगळे पाणी गाळले जाते असे नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहत असल्याने पहिल्या फेरीअखेर दोन-तृतीयांशाहून थोडे कमीच पाणी गाळणीतून गेलेले असते. म्हणून पंप रात्रीही चालतो, पण कमी गतीने. गती निम्मी केली तर पाणी निम्मे वाहते. वीज मात्र हिशेबाने एक-अष्टमांशच लागते. विजेची बिले बारकाईने पाहणाऱ्या विश्वस्तांना हे गणित विशेष भावले.

रोज सकाळी कर्मचारी प्रथम पंपापुढील जाळी साफ करतो. तीत केस, धागे, मलमपट्टीचे तुकडे अडकतात. पंप पाण्याच्या पातळीखाली असल्याने दोन्ही बाजूंच्या झडपा बंद केल्याशिवाय झाकण उघडले, तर खोलीच पाण्याने भरेल. नंतर पाणी भरून, आतील हवा पूर्ण निघाल्यावरच पंप सुरू करायचा. तो कोरडा चालला तर दांड्यापाशी पाणी अडवणारे सील काही मिनिटांत जळते आणि पाणी झिरपत बेअरिंगपर्यंत पोहोचते. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज आला, तर ओढीच्या बाजूस पाणी कमी पडते आहे असे समजावे. गाळणीवरील दाब स्वच्छ स्थितीपेक्षा सुमारे अर्धा बार वाढला की उलट्या प्रवाहाने वाळू धुतात. झडपेचा दांडा फिरवण्याआधी पंप थांबवतात.

क्लोरीन व आम्ल सोडणारे छोटे पंप मुख्य पंपाशी असे जोडले आहेत की तो थांबताच तेही थांबतात. एरवी दोन्ही द्रावणे स्तब्ध नळात साठली असती आणि पंप पुन्हा सुरू होताच विषारी वायू तलावात आला असता. प्रवाह थांबला किंवा क्लोरीन ठरल्याहून कमी आढळले, की रुग्णांस पाण्याबाहेर घेतले जाते. ‘आज तलाव बंद’ हा फलक लागतो, तो बहुधा तेव्हा.

पंपाची ओढही घातक ठरू शकते. अमेरिकेत २००२ साली गरम पाण्याच्या टाकीतील अशा ओढीने सात वर्षांची मुलगी तळाशी धरली गेली व बुडून मरण पावली. त्यानंतर २००७ साली तेथे तळजाळ्यांविषयी कायदा झाला. आमच्या तलावात दोन तळजाळ्या एकमेकींपासून दूर असून एकाच नळास जोडलेल्या आहेत. एक झाकली गेली तरी पाणी दुसरीतून ओढले जाते.

तलाव बांधताना मदतीचे अनेक हात पुढे आले. सील, बेअरिंग वा वाळूसाठी देणगी द्यावी असे सहसा कोणास सुचत नाही. कोनशिलेवर कोरण्याजोग्या या वस्तू नव्हेत, हेही खरे. गाळणीतील वाळू येत्या वर्षी बदलावयाची आहे. त्या काळात तलाव बंद राहील. तारखा महिनाभर आधी कक्षाबाहेर लावण्यात येतील आणि प्रत्येक रुग्णास तोवर जमिनीवर करावयाचे व्यायाम लिहून दिले जातील.