चोर आला की चोराला?

‘चोर आला म्हणाली’ आणि ‘चोराला म्हणाली’. एका दमात, चाल न बदलता म्हणून बघा. सापडला फरक? पहिल्या वाक्यात घाबरगुंडी आहे, दुसऱ्यात बाई चक्क चोराशी गप्पा मारतेय! आवाज मात्र तोच.

आणखी एक घ्या. ‘तूप आणि भात वाढ’ आणि ‘तू पाणी, भात वाढ’. पाहुण्याच्या पानात गरम तूप पडणार की गार पाणी, याचा निकाल वाढणाऱ्याच्या कानात लागतो.

माहीत आहे का, बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतच नाही? छापलेल्या ओळीत स्पेस असते, म्हणून वाटतं की बोलण्यातही असेल. छे! श्वास घ्यायला थांबलो किंवा वाक्य संपलं तरच काय तो ब्रेक. बाकी सगळी नॉनस्टॉप एक्सप्रेस. गॅप हवेत नसते, ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते.

पुरावा पाहिजे? फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर काढा आणि ‘चप्पल आण’ असं रेकॉर्ड करा. आता स्क्रीनवरची लाट नीट बघा. ती मध्येच सपाट होते. कुठे? ‘चप्पल’ आणि ‘आण’ यांच्या मध्ये नाही, तर ‘चप्पल’च्या पोटात! ‘प्प’साठी ओठ मिटले की क्षणभर पिनड्रॉप सायलेन्स. ‘ल’ आणि ‘आ’ मात्र गळ्यात गळे घालून. शांतता दिसेल तिथे तोडायचं ठरवलं तर हाती लागेल ‘चप्’ आणि ‘पलाण’. मागवली चप्पल, आलं घोड्याचं खोगीर!

आपल्या मोडी लिपीचा तर याला फुल सपोर्ट होता. आधी कागदभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमध्ये जागा? भानगडच नाही. शब्द वाचणाऱ्याने तोडावेत. मोडी वाचक आजही दप्तरांतल्या कागदांवर हेच करतात. बिचाऱ्यांना कोणी ‘ऑटोकरेक्ट’ म्हणत नाही, एवढंच.

आता भेटा या क्षेत्रातल्या सगळ्यात छोट्या एक्स्पर्टला. वय : ८ महिने!

१९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी बाळांना फक्त २ मिनिटं एक कॉम्प्युटरी बडबड ऐकवली. सपाट आवाज, ना चढउतार, ना पॉज. आत लपवले होते चारच निरर्थक शब्द, उलटसुलट क्रमाने : टुपिरो, गोलाबू, बिडाकू, पाडोटी. (गोलाबू हे तर आपल्याकडे सहज एखाद्या गुटगुटीत बाळाचं लाडाचं नाव होईल.) ‘गो’नंतर दर वेळी ‘ला’ येतो, ‘ला’नंतर ‘बू’. पण ‘बू’नंतर कोण येईल याचा नेम नाही. जिथे नेम चुकतो, तिथे शब्द संपतो!

बाळांना हे समजलं, हे कसं समजलं? लुकलुकणारा दिवा आणि त्याच्या बाजूने येणारा आवाज. बाळ जितका वेळ तिकडे बघेल, तितका वेळ आवाज चालू. ओळखीच्या शब्दांचा बाळांना कंटाळा आला होता. शब्द फोडून केलेली नवी जुळणी लागली, की ती जास्त वेळ बघत राहिली. दोन मिनिटांत स्टॅटिस्टिक्स! आपल्याला बारावीत वर्षभर पुरलं नव्हतं.

माहीत आहे का, कॅनडातल्या इंग्रजी घरातल्या तान्ह्यांना ‘ट’ आणि ‘त’ वेगळे कळतात? जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली दाखवून दिलं. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची. बरोबर वळवली की काळोख्या पेटीतलं खेळण्यातलं जनावर उजळून नाचू लागायचं. हिंदीतल्या ‘ट-त’वर ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं पास. वर्षाच्या उंबरठ्यावर आली, की जवळपास सगळी नापास! घरात हा फरक कामाचाच नाही, मग कान कशाला सांभाळतील? परदेशी पाहुणा तुमच्या ‘ताई’ला ‘टाई’ म्हणाला तर रागावू नका. त्याचा कोर्स पहिल्या वाढदिवसाआधीच बंद झालाय.

उलट काही कान फुकटात जादा माल देतात. जपानी माणसाला ‘एब्झो’ ऐकवा, त्याला ऐकू येईल ‘एबुझो’. मधला ‘उ’ कोणी उच्चारलेलाच नाही! जपानीत असं जोडाक्षर चालत नाही, म्हणून कान स्वतःच स्वर घालून मोकळा होतो.

कान खोकल्यालाही माफ करतो. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दामधला ‘स’ कापून काढला आणि तिथे खोकला चिकटवला. २० जणांनी ऐकलं. काही गायब आहे? १९ जण म्हणाले, नाही बुवा! विसाव्याने ‘गायब आहे’ म्हटलं, पण भलताच आवाज सांगितला. मज्जा म्हणजे खोकला नेमका कुठे होता, तेही कोणाला धड सांगता आलं नाही. ‘स’ स्पष्ट ऐकू आला, जो तिथे नव्हताच. लग्नाच्या हॉलमध्ये, बँडच्या दणक्यात आपण एकमेकांचं बोलणं समजून घेतो ते याच जुगाडावर.

आणि डोळ्यांनी ऐकतो, ते वेगळंच! कानावर ‘बा’, समोर स्क्रीनवरच्या ओठांचा ‘गा’. बहुतेकांना ऐकू येतं तिसरंच, ‘दा’. डोळे मिटा, पुन्हा ‘बा’. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली ही गंमत दाखवून दिली. गुपित माहीत असूनही फसायला होतं. डब केलेले सिनेमे बघताना डोकं का दुखतं, याचा दोष मी तरी यालाच देतो.

मशिनांचं काय? बोलणं ओळखणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांचा जुना आवडता जोक आहे : ‘रेकग्नाइझ स्पीच’ म्हणावं, तर मशिन ऐकणार ‘रेक अ नाइस बीच’. बोलणं ओळखायला सांगितलं, त्याने छानसा समुद्रकिनाराच उद्ध्वस्त केला.

माहीत आहे का, परकी भाषा नेहमी सुपरफास्ट का वाटते? त्यातले शब्द तोडता येत नाहीत, म्हणून सगळं एकच शेपूट ऐकू येतं. वेगात फरक असतोच म्हणा. १७ भाषांची तुलना २०१९ साली छापून आली : जपानी सेकंदाला साधारण ८ सिलॅबल्सनी पळते, थाई पाचाच्याही आत रमतगमत. पण पोचणारी माहिती मोजली, तर सगळ्यांची सरासरी सेकंदाला ३९ बिट्सच्या आसपास. पॅसेंजर आणि राजधानी, दोन्ही एकाच वेळी स्टेशनात!

घरबसल्या जादू हवी? एक छोटं बोललेलं वाक्य रेकॉर्ड करून लूपवर टाका. दहाबारा वेळा वाजलं, की बऱ्याचदा ते गाणं वाटायला लागतं. डायना डॉइश या संशोधिकेला १९९५ साली स्वतःच्याच निवेदनाचा तुकडा लूपवर राहिल्यावर हे सापडलं. घरातल्या माणसांच्या टोमण्यांवर करून बघायला हरकत नाही.

आता ग्रँड फिनाले : उंदीर! बार्सिलोनाच्या संशोधकांनी उंदरांना डच आणि जपानी वाक्यांमधला फरक ओळखायला शिकवलं. जमलं! मग तीच वाक्यं उलटी वाजवली आणि उंदरांची विकेट पडली. उलटी डच कोणती, उलटी जपानी कोणती, पत्ताच लागेना. माणसाच्या नवजात बाळांचंही या दोन भाषांबाबत अगदी असंच होतं. या कामाला २००७ साली भाषाशास्त्राचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं बक्षीस. ते नेलं माणसांनी. उंदरांनी कळ दाबल्याबद्दल मिळालेल्या खाऊवर भागवलं.