राणी कोहिनूर स्पर्धेत उतरते तेव्हा

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म प’चा नवा हंगाम सुरू झाला. परीक्षकांच्या खुर्च्यांवर वाजिद खान, शेखर रावजियानी आणि सोना मोहपात्रा होते. या हंगामात राणी कोहिनूर मंचावर आली आणि बायकी व पुरुषी अशा दोन्ही आवाजांत गायली. ‘सा रे ग म प’मध्ये ड्रॅग क्वीन, म्हणजे स्त्रीवेषात कला सादर करणारा कलाकार, स्पर्धक म्हणून उतरण्याची ही पहिलीच वेळ. महिनाभरापूर्वीच, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले होते.

राणी कोहिनूर म्हणजे वांद्र्याचे सुशांत दिवगीकर. मानसशास्त्र शिकलेले, मॉडेलिंग केलेले, गाण्याची आवड असलेले.  २०१४च्या जुलैत ते ‘मिस्टर गे इंडिया’ झाले आणि ऑगस्टअखेर रोमच्या ‘मिस्टर गे वर्ल्ड’मध्ये त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं. सप्टेंबरमध्ये ते ‘बिग बॉस’च्या आठव्या पर्वात दाखल झाले. हे सगळं घडलं तेव्हा कलम ३७७ कायम होतं. असे संबंध गुन्हा न मानणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ला फिरवला होता. कायद्याच्या नजरेत ज्याचं प्रेम गुन्हा होतं, असा माणूस रोज रात्री देशभरातल्या घरांत स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने दिसत होता. त्याला त्या काळी काय धैर्य लागलं असेल, हे आज पुरतं लक्षात येत नाही.

‘बिग बॉस’ला असे चेहरे नवे नव्हते. पहिल्या पर्वात बॉबी डार्लिंग होती, पाचव्या पर्वात, २०११ला, ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी. ड्रॅगचा चेहरा तर चौथ्या पर्वातच येऊन गेला होता. पाकिस्तानी दूरचित्रवाणीवर बेगम नवाझिश अली या स्त्रीरूपात मुलाखती घेणारे अली सलीम २०१०मध्ये लोणावळ्याच्या घरात राहिले. बाहेर शिवसैनिकांनी निदर्शनं केली, ती पाकिस्तानी कलाकारांच्या विरोधात. पण ‘बिग बॉस’चा नियम असा, की स्पर्धकाने काही सादर करावं लागत नाही. नुसतं असावं लागतं, भांडावं लागतं, रडावं लागतं. मतं पडतात ती स्वभावाला. कलेला वाव नव्हता आणि २०१४मध्ये सुशांत यांच्याकडेही राणी अजून नव्हती.

तिचा जन्म झाला रात्रीच्या क्लबमध्ये. अंधेरीत सहार विमानतळाजवळच्या ‘द ललित’ हॉटेलच्या ‘किटी सू’मध्ये त्या हॉटेलसमूहाचे केशव सुरी यांनी ड्रॅगचे कार्यक्रम सुरू केले होते. कलम ३७७विरोधात न्यायालयात गेलेल्यांपैकी सुरी एक. ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ या अमेरिकी स्पर्धेची २०१५ची विजेती वायोलेट चाचकी हिनेही किटी सूमध्ये कार्यक्रम केला. तिथे येणारा प्रेक्षक तिकीट काढून, आवडीने येई. राणीने त्याच्यासमोर मेकअप, विग, उंच टाचा आणि जिवंत गाणं यांचा मेळ बसवला.

तिथून ‘सा रे ग म प’ची झेप मोठी होती. हा मंच घरच्या मंडळींचा, आजी-आजोबांसह बघायचा. मुंबईत मालिका आणि रिअॅलिटी शो घडतात ते बरेचसे पश्चिम उपनगरांत. गोरेगावची फिल्मसिटी, मढचे बंगले. या पट्ट्यात साडी नेसलेला पुरुष कॅमेऱ्यासमोर काही कमी वेळा उभा राहिला नव्हता. ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’मध्ये अली असगर यांची दादी होती, सुनील ग्रोवर यांची गुत्थी होती. मराठीत २०१४पासून ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम, सागर कारंडे स्त्रीवेषात येत होते. सगळे गुणी नट, पण त्या लुगड्याचं काम हशा पिकवण्याचं. राणीने तोच शृंगार करून सूर लावला आणि परीक्षकांना तिचं गाणं तोलावं लागलं.

मराठी रसिकाला हे खरं तर परकं नाही. १९०५मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, स्त्रीभूमिकेत गात. त्यांचं नेसणं, दागिने, केसांतली फुलं पाहून घरंदाज बायका आपली वेशभूषा ठरवत. १९६४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे बायका स्वतः रंगभूमीवर आल्या, ते योग्यच झालं. मात्र स्त्रीवेषातल्या पुरुषाकडे गंभीर कला म्हणून पाहण्याची सवय त्यानंतर ओसरली, आणि त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा विनोद उरला.

‘सा रे ग म प’ राणीने जिंकलं नाही. जानेवारी २०१९मध्ये जबलपूरची इशिता विश्वकर्मा विजेती ठरली. राणीला मात्र पुढचा मंच परदेशात मिळाला.

डिसेंबर २०२१मध्ये पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ सुरू झालं. जगभरातल्या १४ ड्रॅग क्वीन, बक्षीस अडीच लाख डॉलर, सूत्रसंचालक ग्रॅहम नॉर्टन. ‘ड्रॅग रेस’मध्ये ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवायचे असतात, इथे प्रत्येकीने स्वतःच्या गळ्याने गायचं होतं. राणीची ताकद नेमकी तीच. भारताच्या वतीने ती तिथे उभी राहिली. किताब ब्राझीलच्या ग्रॅग क्वीनने नेला. दुसऱ्या पर्वानंतर, जून २०२३मध्ये, पॅरामाउंट प्लसने मालिका बंद केली आणि आपल्या सेवेवरून काढूनही टाकली. त्याच वर्षी ‘थँक यू फॉर कमिंग’ या हिंदी चित्रपटात सुशांत अभिनेता म्हणून दिसले.

थायलंडने २०१८मध्ये आणि फिलिपिन्सने २०२२मध्ये स्वतःची ‘ड्रॅग रेस’ केली. भारतातल्या ड्रॅग कलाकाराला मात्र अजून दुसऱ्याच कुणासाठी आखलेल्या स्पर्धेत स्वतःची जागा करून घ्यावी लागते: गायकांच्या, नाहीतर भांडणाऱ्यांच्या. सुशांत यांनी दोन्हींत ती करून घेतली. मराठी वाहिन्यांकडे गाण्याचे, नाचाचे, लावणीचे मंच आहेत. पुढच्या निवडचाचणीत एखादी राणी पूर्ण शृंगारात आली, तर तिला विनोदी प्रवेशाकडे न पाठवता तानपुऱ्यासमोर उभं करावं.