बाळंतपणाची रजा म्हणजे खाडा नव्हे

दिवाळीच्या आठवड्यात घरोघरी एकच हिशेब चालतो. बोनस किती, त्यातून फराळाचे किती, मुलांच्या कपड्यांचे किती आणि उरलेच तर सोसायटीच्या कर्जाचे किती. आमच्या ओळखीतली एक मुलगी एका लहानशा कारखान्यात पॅकिंगला आहे. गेल्या दिवाळीत तिच्या हाती आलेली रक्कम शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या जेमतेम निम्मी होती. विचारायला गेली तर हिशेबनीस म्हणाले, "ताई, तुम्ही सहा महिने घरीच होतात की!"

घरी म्हणजे बाळंतपणाच्या रजेवर. भरपगारी, रीतसर मंजूर झालेल्या.

हिशेबनीस काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. बोनस हजेरीवर मिळतो एवढे त्यांनी ऐकलेले, आणि ते अर्धे खरेही आहे. १९६५ च्या बोनस कायद्यात, वर्षातले सगळे कामाचे दिवस न भरणाऱ्याचा बोनस त्या प्रमाणात कमी करण्याची सोय होती. पण लगेच पुढच्या, १४ व्या कलमात कोणते दिवस 'काम केलेले' धरायचे तेही सांगितले होते : ले-ऑफचे, पगारी रजेचे, कामावरच्या अपघातामुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाचे आणि पगारी प्रसूती रजेचे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद आहे. कागदावर वाद उरतच नाही. पण तो कागद वाचतो कोण?

रक्कम किती, तेही पाहू. किमान बोनस ८.३३ टक्के. २०१५ च्या दुरुस्तीने महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे पात्र ठरले. हिशेबासाठी मात्र ७,००० रुपये, किंवा त्या कामाचे किमान वेतन अधिक असेल तर ते, धरायचे. ७,००० धरले तरी वर्षाला सुमारे ७,००० रुपये बोनस होतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. तेवढा खाडा मांडला की साडेतीन हजार गेले. तान्ह्या बाळाच्या घरात साडेतीन हजारांना काय किंमत असते, हे आयांना सांगायला नको.

बोनसला मालकाची मेहेरबानी समजण्याची सवय जुनीच. मुंबईच्या गिरण्यांत तो पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. पुढे तो मिळेना, तेव्हा १९२४ च्या आरंभी गिरणी कामगारांनी मोठा संप केला. आणि चौकशी समितीने त्यांचा त्यावर कायदेशीर हक्कच नाही, असे सांगितले. त्याच दशकात, १९२९ साली, मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. डॉ. आंबेडकर १९२८ मध्ये कायदेमंडळात त्याच्या बाजूने बोलले होते. म्हणजे या दोन्ही हक्कांचे भांडण याच शहरात, कदाचित एकाच चाळीत, चालले होते.

मात्र २६ आठवडे संपल्यावर रजा बिनपगारी वाढवली, तर ते दिवस कामाचे धरले जात नाहीत. मोठ्या कंपन्यांतला 'परफॉर्मन्स बोनस'ही निराळा. त्यासाठी नेमणूकपत्र काढून वाचायला हवे.

या मुलीने १४ व्या कलमाची झेरॉक्स जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. हिशेबनिसांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. फरक जानेवारीच्या पगारात आला, दिवाळी सरून गेल्यावर. त्याच महिन्यात दुसऱ्या खात्यातल्या दोघींनाही, त्यांनी न मागता, फरक मिळाला.