भयलघुपट

भयलघुपट हा लघुपटाचा एक प्रकार असून प्रेक्षकाच्या मनात भीती किंवा अस्वस्थता निर्माण करणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. युरोप व उत्तर अमेरिकेत अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबर रोजी, म्हणजे हॅलोवीनच्या संध्याकाळी, असे लघुपट ओळीने दाखवले जातात. हॅलोवीनचे मूळ केल्टिक लोकांच्या साविन या सणात असल्याचे मानले जाते. या रात्री मृतांचे आत्मे परततात अशी समजूत होती. आयर्लंड व स्कॉटलंडमधील स्थलांतरितांबरोबर एकोणिसाव्या शतकात हा सण उत्तर अमेरिकेत पोहोचला. प्रत्येक लघुपट काही मिनिटांचाच असल्याने शतकापूर्वीचा मूकपट आणि अलीकडचा लघुपट एकाच बैठकीत पाहता येतात.

इतिहास

फ्रेंच जादूगार व दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांचा १८९६ मधील ल मान्वार द्यू द्याब्ल (सैतानाचा वाडा) हा सामान्यतः जगातील पहिला भयपट मानला जातो. तो जेमतेम तीन मिनिटांचा आहे. वटवाघळाचा सैतान होणे, माणसे अचानक प्रकट होणे आणि नाहीशी होणे हे चमत्कार मेलिएस यांनी कॅमेरा थांबवून, दृश्यातील वस्तू वा व्यक्ती बदलून व पुन्हा चित्रण सुरू करून साधले. आजच्या प्रेक्षकाला त्यात भीतीपेक्षा गंमतच अधिक वाटेल; मेलिएस यांचाही हेतू बहुधा घाबरवण्यापेक्षा थक्क करण्याचाच होता. पुढे आर्थिक विपन्नावस्थेत, १९२३ मध्ये, त्यांनी आपल्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जाळून टाकल्या. सैतानाचा वाडा कायमचा नष्ट झाला असे मानले जात होते, परंतु १९८८ मध्ये त्याची एक प्रत न्यूझीलंडच्या चित्रपट संग्रहालयात आढळली.

एडिसन कंपनीच्या फ्रँकेन्स्टाइन (१९१०) या मूकपटाची कथाही अशीच आहे. जे. सर्ल डॉली दिग्दर्शित हा चित्रपट दीर्घकाळ हरवलेला समजला जात असे. मात्र त्याची एक प्रत अमेरिकेतील एका खाजगी संग्राहकाकडे सुरक्षित होती. यातील राक्षस कढईतून हळूहळू आकार घेतो. त्यासाठी एक पुतळा जाळून त्याचे चित्रण केले गेले आणि ती फीत उलटी चालवण्यात आली. त्या काळातील नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती व साठवणुकीतही ती कुजत असे. त्यामुळे आरंभीच्या काळातील अशा चित्रपटांपैकी बहुतेक आता केवळ जुन्या सूचिपत्रांतील नावांपुरते उरले आहेत.

बोलपटांच्या आरंभी वॉल्ट डिस्नी यांचा द स्केलेटन डान्स (१९२९) हा ॲनिमेशनपट आला. त्यात स्मशानातील चार सांगाडे मध्यरात्री नाचतात आणि कोंबडा आरवताच थडग्यात परततात. लहान मुलांसाठीच्या कार्यक्रमात तो चपखल बसतो.

मांडणी

लघुपटात पात्रांची ओळख करून देण्यास वेळ नसतो. म्हणून बहुधा एकच कल्पना घेऊन तिची पुनरावृत्ती केली जाते. स्वीडिश दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग यांच्या लाइट्स आउट (२०१३) मध्ये एक स्त्री दिव्याचे बटण बंद करते तेव्हा दूर एक आकृती दिसते. दिवा लावताच ती नसते. दोन-तीनदा तसेच घडल्यावर प्रेक्षक अंधाराचीच धास्ती घेतो. हा लघुपट सँडबर्ग यांनी राहत्या घरी अल्प खर्चात चित्रित केला होता व त्यातील भूमिका त्यांच्या पत्नी लोटा लोस्टेन यांनी केली होती. तीन मिनिटांहून कमी लांबीच्या या लघुपटावरून २०१६ मध्ये त्याच नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. त्याचे दिग्दर्शनही सँडबर्ग यांनीच केले. आंद्रेस मुस्किएती यांच्या मामा (२००८) या लघुपटाचाही २०१३ मध्ये असाच विस्तार झाला.