थंडीचे तास

काश्मीर खोऱ्यातील हिवाळ्याचा मुख्य काळ ७० दिवसांचा मानला जातो आणि त्याचे तीन भाग पाडले जातात. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारा 'चिल्लई कलान' हा ४० दिवसांचा, त्यामागून येणारा 'चिल्लई खुर्द' २० दिवसांचा आणि शेवटचा 'चिल्लई बच्चा' १० दिवसांचा असतो. 'चिल्ला' म्हणजे चाळीस दिवसांचा काळ आणि 'कलान' म्हणजे थोरला. यातील 'खुर्द' हा शब्द मात्र मराठी वाचकाला गावांच्या नावांतून चांगलाच परिचयाचा आहे, कारण एकाच नावाच्या दोन गावांपैकी धाकट्याला महाराष्ट्रातही खुर्दच म्हणतात. थोरल्या चिल्ल्यात श्रीनगरचा रात्रीचा पारा बहुधा गोठणबिंदूच्या खाली असतो, २०२१ च्या जानेवारीत तर तो उणे ८ अंश सेल्सियसच्याही खाली गेला होता आणि दल सरोवराच्या पृष्ठभागावर बर्फाचा थर जमला होता. सफरचंद, बदाम, अक्रोड यांच्या बागा या काळात इतक्या निष्पर्ण असतात, की खोऱ्याबाहेरून आलेल्या माणसाला त्यांतील जिवंत झाड कोणते आणि वाळलेले कोणते हे सांगता येऊ नये. तरीही इथल्या बागवानाचे वसंताकडे लागलेले लक्ष याच दिवसांत सर्वांत तीव्र असते, आणि त्याच्या या वाट पाहण्यामागे वनस्पतींच्या जीवनातील एक विलक्षण नियम उभा आहे.

काश्मिरी भाषेत वर्षाचे सहा ऋतू आहेत. त्यांतील हिवाळ्याच्या अखेरच्या ऋतूला 'शिशुर' म्हणतात आणि मार्चच्या मध्याला सुरू होणाऱ्या वसंताला 'सोंथ'. शिशुर आणि शिशिर यांचे नाते उघडच आहे, परंतु नाव एक असले तरी दोन्हीकडचा अनुभव फार वेगळा आहे. दख्खनच्या पठारावर पानगळ होते ती मुख्यतः जमिनीतला ओलावा आटल्यामुळे. माघ-फाल्गुनात पाने झडतात आणि त्याच सुमारास पळस, पांगारा, काटेसावर फुललेही असतात, त्यामुळे पानगळ आणि बहर यांच्यात फारसा खंड पडत नाही. काश्मिरात चिनाराची पाने नोव्हेंबरात झडतात आणि नवी पालवी दिसायला मार्च-एप्रिल उजाडतो. मधल्या चार-पाच महिन्यांत झाडे बाहेरून काहीच करीत नाहीत, म्हणून वसंताची ओढ म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर अशा लांब हिवाळ्याच्या प्रदेशाकडेच पाहावे लागते.

या झाडांचे निजणे हे थंडीपुढे हार पत्करून निपचित पडणे नाही, ती आधीपासून केलेली तयारी असते. सफरचंदाच्या ज्या कळ्या एप्रिलमध्ये उमलतात त्यांची घडण आदल्या उन्हाळ्यातच सुरू झालेली असते; पाने गळण्यापूर्वी त्या कळ्या चिवट खवल्यांच्या आवरणात बंद होतात. या कळ्यांना बागाईतदार 'डोळे' म्हणतात, आणि मिटलेल्या डोळ्यासाठी याहून समर्पक शब्द सापडणे कठीण आहे. दिवस लहान होऊ लागले की (श्रीनगरला डिसेंबरातील दिवस सुमारे दहा तासांचा असतो, मुंबईला तो अकरा तासांच्या आसपास राहतो) झाडाच्या शरीरात वाढ रोखणाऱ्या संप्रेरकांचे, म्हणजे शरीरातील निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांचे, वर्चस्व वाढते. काही वृक्षांमध्ये तर कळीतील पेशींना एकमेकींशी जोडणारे सूक्ष्म मार्गच बुजवले जातात आणि वाढीचा निरोप आत पोहोचू शकत नाही. पेशींत साखर साठते, पेशींतील पाणी हळूहळू बाहेर सरते आणि बर्फ झालाच तर तो पेशीच्या आत न होता दोन पेशींमधल्या पोकळीत होतो, त्यामुळे पेशी फुटत नाही.

अशा अवस्थेतील झाडाला जानेवारीत आठवडाभर उबदार हवा मिळाली तरी ते जागे होत नाही. ऊब मिळताच जे झाड फुलेल ते पुढच्याच हिमवर्षावात मरेल, आणि असे उतावळे वंश अशा प्रदेशात टिकू शकले नसते. म्हणून ही झाडे ऊब मोजण्यापूर्वी थंडी मोजतात. या मोजणीचे फलोत्पादनशास्त्रातील एकक म्हणजे 'शीततास', म्हणजेच साधारण ० ते ७ अंश सेल्सियस या दरम्यान गेलेला एक तास. काश्मिरात रुळलेल्या सफरचंदाच्या परंपरागत जातींना असे सुमारे १,००० ते १,२०० तास लागतात. बदामाला त्याहून बरेच कमी पुरतात, आणि म्हणूनच खोऱ्यात सर्वांत आधी बदाम फुलतो. अमेरिकेतील युटा राज्याच्या संशोधकांनी १९७४ मध्ये ही मोजणी अधिक बारकाईने मांडली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक तापमानाला वेगळे मोल आहे, आणि मध्येच आलेल्या उबदार तासांमुळे आधी साठलेल्या थंडीतून वजावटही होते.

यातून निघणारी एक गोष्ट वरवर उलटी वाटेल. गोठणबिंदूच्या खालची कडाक्याची थंडी या हिशेबात जवळजवळ धरलीच जात नाही. झाडाची मोजणी भरून निघते ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या आणि पुन्हा हिवाळा ओसरतानाच्या बेताच्या गारठ्यात. मग थोरल्या चिल्ल्याचा उपयोग काय, असा प्रश्न पडेल. मोजणी पुरी होत आली की झाड आतून जागे झालेले असते आणि त्याला केवळ बाहेरची थंडी थोपवून धरते. थोरला चिल्ला आणि त्याच्या मागून येणारे दोन धाकटे ही थोपवण्याची कामगिरी करतात. शास्त्रज्ञ या दोन अवस्थांना अंतःस्थ आणि बाह्य सुप्तावस्था अशी वेगळी नावे देतात. पहिलीत झाडच उठायला तयार नसते, दुसरीत ते तयार असते पण हवामान त्याला उठू देत नाही. बागवानाला झाडाकडे पाहून या दोन्हींतला फरक कळत नाही, आणि त्याची खरी हुरहूर दुसऱ्या अवस्थेतली असते.

झाडांच्या सुप्तावस्थेपासून 'वासंतीकरण' ही प्रक्रिया वेगळी ओळखली पाहिजे. सफरचंदाच्या कळ्या आधीच तयार असतात आणि थंडी त्यांना केवळ उमलण्याची मोकळीक देते. पण हिवाळी गहू, राय, कोबी, सलगम अशा पिकांत थंडी लाभल्याशिवाय रोपाचा कल फुले धरण्याकडे वळतच नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्ताव गास्नर यांनी १९१८ मध्ये राय या धान्यावर प्रयोग करून हे दाखवून दिले. पुढे मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस नावाच्या इवल्याशा रोपाच्या अभ्यासातून त्याचे अंतरंग उलगडले, आणि या कामात इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इनिस सेंटरच्या कॅरोलिन डीन यांचा मोठा वाटा आहे. या रोपात फुलोऱ्याला अटकाव करणारे एक जनुक असते. थंडीचे आठवडे जातात तसतसे एकेका पेशीत ते जनुक कायमचे मिटवले जाते. थंडी जितकी दीर्घ तितक्या अधिक पेशींत ते मिटते. पुढे ऊब आली तरी पेशींना हिवाळा होऊन गेल्याची आठवण राहते, आणि बियांतून येणाऱ्या पुढच्या पिढीत मात्र ती आठवण पुसून पाटी पुन्हा कोरी होते. मज्जासंस्था नसलेल्या जीवाने ऋतूची स्मृती जपावी ही विसाव्या-एकविसाव्या शतकांतील जीवशास्त्राने दिलेली एक अत्यंत सुंदर ओळख आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा तिच्याशी थेट संबंध येतो, कारण मैदानी हवेत कोबीचा गड्डा उत्तम भरत असला तरी त्याला बी धरत नाही. ते बी हिमालयातील थंड खोऱ्यांतून किंवा परदेशातून आणावे लागते.

काश्मिरातील वसंताचे आज सर्वाधिक छायाचित्रित होणारे दृश्य म्हणजे श्रीनगरमधील जबरवान डोंगराच्या पायथ्याचे, दल सरोवराकाठचे ट्यूलिप उद्यान. सुमारे ३० हेक्टरांवर पसरलेले हे इंदिरा गांधी स्मृती उद्यान २००७-०८ च्या सुमारास साकारले आणि तिथे आता १५ लाखांहून अधिक ट्यूलिप फुलतात. मार्चच्या अखेरीस ते खुले होते आणि जेमतेम महिनाभर बहरात असते. उरलेल्या अकरा महिन्यांचे काम मात्र पर्यटकाला दिसत नाही. ट्यूलिपचा कंद हा कांद्यासारखा थरांचा असतो आणि फुलाची कळी त्या थरांच्या पोटात आदल्या उन्हाळ्यातच, कंद उकरून कोरड्या जागी ठेवलेले असताना, घडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंद पुन्हा जमिनीत जातात आणि त्यांना १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते ती दांडा लांबवण्यासाठी. थंडी अपुरी पडली तर फूल जमिनीलगतच, आखूड देठावर, कसेबसे उघडते किंवा कळी आतल्या आत सुकते. पुण्या-मुंबईत हौसेने ट्यूलिप लावणाऱ्याला कंद काही आठवडे शीतकपाटात ठेवावे लागतात ते याच कारणाने.

ट्यूलिप काश्मिराला नवे नाहीत, हेही इथे सांगायला हवे. उद्यानातील लागवडीच्या जाती हॉलंडच्या असल्या तरी ट्यूलिपची मूळ भूमी मध्य आशियाचे डोंगर आहे, आणि खोऱ्यातील जुन्या घरांच्या व प्रार्थनास्थळांच्या छपरांवर, भूर्जाच्या सालीचे थर अंथरून त्यांवर घातलेल्या मातीत, गवताबरोबर ट्यूलिप आणि आयरिसही उगवत असत. हिवाळाभर बर्फाखाली दडलेले छप्पर वसंतात फुलांनी भरून जाई. पत्र्याची छपरे आल्यापासून ते दृश्य विरळ झाले, आणि ही हानी लाखो फुलांच्या उद्यानानेही पूर्णपणे भरून निघालेली नाही.

बर्फ हा बागवानाचा शत्रू असतो ही समजूत मैदानातल्या माणसाची. ताज्या भुरभुरीत हिमात बहुतांश हवाच असते आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही, म्हणून हिमाच्या जाड थराखालची जमीन बाहेरची रात्र उणे ८ अंशांची असतानाही गोठणबिंदूच्या आसपास राहते आणि कंद, मुळे व लसणाचे कोंब त्या पांघरुणाखाली सुखरूप असतात. थोरल्या चिल्ल्यात पडलेले हिम टिकते आणि उन्हाळ्यात सावकाश वितळून ओढ्यांना पाणी पुरवते. फेब्रुवारीअखेरचे हिम मात्र लवकर वाहून जाते. म्हणून काश्मिरी बागाईतदाराला हिम हवेच असते, पण वेळेवर. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, झाडांवर पाने असतानाच, मोठा हिमवर्षाव झाला. पानांवर बर्फ साचून त्याच्या भाराने फांद्या मोडल्या आणि वर्षानुवर्षे वाढवलेली सफरचंदाची झाडे उभी चिरली गेली. त्याच्या नेमके उलट २०२४ च्या जानेवारीत झाले, कारण गुलमर्गच्या उतारांवर ऐन हंगामात हिमच नव्हते.

कोरड्या, उबदार हिवाळ्याची भीती मोठी आहे. मोजणी पुरी झालेल्या झाडाला फेब्रुवारीत ऊब मिळाली की कळ्या फुगू लागतात आणि तसतशी त्यांची थंडी सोसण्याची शक्ती झपाट्याने घटते. भर हिवाळ्यात उणे २० अंशांतही तग धरणाऱ्या सफरचंदाची उमललेली फुले उणे २ अंशांवर करपू लागतात. एका रात्रीचे दहिवर वर्षाचे उत्पन्न नेऊ शकते, आणि म्हणून लवकर आलेल्या वसंताने पर्यटक आनंदतो तेव्हा बागवान आकाशाकडे पाहत असतो.

महाराष्ट्रात हाच प्रश्न उलट्या बाजूने सुटला आहे. द्राक्षवेल ही मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली, पण नाशिकच्या हवेत तिला निजण्यापुरती थंडी मिळत नाही. तिथल्या शेतकऱ्याने वर्षातून दोन छाटण्यांची पद्धत बसवली: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. दुसऱ्या छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, ज्यामुळे थंडीविनाही सर्व डोळे एकसारखे फुटतात. निसर्गाने जे काम महिनोन्‌महिने गारठ्याकडून करवून घेतले ते इथे कात्री आणि औषध मिळून काही दिवसांत करतात. तरी थंडीशी झगडा सुटत नाहीच, कारण निफाडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा फार उतरला की घड वाचवण्यासाठी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात.

काश्मिरात हिवाळ्याचे घर वेगळ्या तऱ्हेने चालते. फिरन या सैल झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसलेले कुटुंब उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भोपळ्याच्या, वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फोडी शिजवते. या वाळवणाला 'होख स्यून' म्हणतात. वसंताची तयारी मात्र चालूच असते. हवा थोडी निवळताच सफरचंदाची छाटणी सुरू होते, कारण पाने नसताना झाडाचा सांगाडा स्पष्ट दिसतो आणि जखमांतून रस वाहत नाही. अक्रोडासारख्या बिया ओल्या वाळूच्या थरांत घालून थंडीत ठेवल्या जातात, कारण बीसुद्धा झाडाप्रमाणेच थंडी मोजते. या रीतीला 'स्तरण' म्हणतात. हिवाळा सरताना फांद्यांवर खनिज तेलाची फवारणी होते, त्यामुळे सालीला चिकटून निजलेली खवलेकीड उठण्यापूर्वीच गुदमरून मरते.

मार्चच्या मध्याला श्रीनगरच्या हारी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बदामवारीत बदाम फुलतो आणि सोंथ आल्याचे सर्वांना कळते. नर्गिस, म्हणजे काश्मिरीतली 'यंबरझल', त्याच सुमारास उमलते. भुंगा आणि यंबरझल यांच्या विरहाची कथा काश्मिरी लोकमनात इतकी रुजलेली आहे, की कवी दीनानाथ नादिम यांनी १९५३ मध्ये तिच्यावरच काश्मिरी भाषेतील पहिली संगीतिका रचली. पंडित कुटुंबांत सोंथच्या पहाटे तांदूळ, अक्रोड, फुले अशा वस्तूंनी भरलेल्या ताटाचे दर्शन घेऊन ऋतूचे स्वागत होते.

सफरचंदाच्या बागेत तेव्हा अजून सारे उघडेच असते. भर हिवाळ्यात, डोळे गाढ मिटलेले असताना कापून ओल्या वाळूत पुरलेल्या कलमाच्या काड्या आता बाहेर काढल्या जातात, तिरप्या कापाने खुंटावर बसवल्या जातात आणि पट्टीने घट्ट बांधल्या जातात. त्यानंतर काही आठवडे बागवान रोज सकाळी त्या काड्यांवरून नजर फिरवतो. काडी खुंटाशी जुळली असेल तर एप्रिलमध्ये तिच्या डोळ्यावरचे खवले किंचित सैल होतात आणि त्यांच्या फटीत हिरवी रेघ दिसते.