राखणदारांना आवरणारे

या रे पोरांनो, वात जरा वर करा नि ऐका. भाकरीचा घास मऊ करून घशाखाली ढकलणारी लाळ आपण कधी मोजत नाही, पण दिवसाकाठी ती लिटरभर भरते, आणि कानापुढच्या, जबड्याखालच्या नि जिभेखालच्या ग्रंथींच्या तीन जोड्या तिचा बहुतेक कारभार बघतात. काही माणसांची, त्यातही दहांत नऊ बायकाच असतात, ही लाळ हळूहळू आटते, डोळ्यांत वाळू गेल्यागत खुपतं, नि पाण्याच्या घोटाशिवाय कोरडी भाकरी उतरत नाही.

१९३३ साली स्टॉकहोमला हेन्रिक श्योग्रेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं अशा १९ बायांवर प्रबंध लिहिला. त्यांतल्या १३ जणींचे सांधेही धरलेले. परीक्षकांना काही तो रुचला नाही, बिचाऱ्याची विद्यापीठातली वाट तिथंच अडली. आणि आज जगभर त्या आजाराला नाव आहे ते त्याचंच. परीक्षकांची नावं मात्र कुणी घेत नाही!

लाळ आटवणारा कोण म्हणाल, तर घरचाच. जंतूंवर तुटून पडायच्या पांढऱ्या पेशी ग्रंथीतच ठाण मांडतात. राखणदाराची गोफण मालकाच्याच कणसांवर फिरावी, तसं. खालच्या ओठाच्या आतून बारीकशा ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, की पन्नास-पन्नास नि जास्त पेशींचे घोळके दिसतात. ग्रंथीच्या पेशीही कमी नाहीत हं, त्याच रासायनिक हाका घालून आणखी पेशी बोलावून घेतात.

मग एरवी आपल्या सगळ्यांच्या तोंडात असं का होत नाही? त्यासाठी जपानात जाऊ. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, पांढऱ्या पेशींची एक जात तिथं तयार होते. नागोयातल्या संशोधकांनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस काढली, तर संरक्षण लुळं पडायचं सोडून शरीर स्वतःवरच उलटलं. सातव्या दिवशी काढली, तर काही नाही! या कोड्यामागं शिमोन साकागुची लागला, वर्षानुवर्षं. १९९५ साली त्यानं दाखवलं, की निरोगी उंदराच्या पेशींतून एक ठरावीक खूण असलेल्या तेवढ्या वेचून बाजूला ठेवल्या नि उरलेल्या थायमस नसलेल्या उंदरात सोडल्या, की थायरॉईड, जठर, सांधे आणि लाळग्रंथीसुद्धा सुजतात. वेचलेल्या वेळेवर परत घातल्या, तर आजार टळतो. म्हणजे त्या आवरणाऱ्या पेशी. या शोधाला २०२५ साली नोबेल मिळालं, साकागुचीबरोबर मेरी ब्रन्को नि फ्रेड रॅम्सडेल यांनाही, कारण त्या पेशींची कळ ज्या जनुकात आहे ते या दोघांनी हुडकलं.

मला सगळ्यांत नवल वाटतं ते निराळंच. श्योग्रेनच्या रुग्णांच्या सुजल्या ग्रंथीत हे आवरणारेही सापडतात. घरात हजर आहेत, तरी भांडण चालूच! आणि ग्रंथीचा बराच भाग शाबूत असूनही कधी कधी लाळ सुटत नाही, म्हणून डॉक्टर ब्राझीलच्या जाबोरँडी झुडपाच्या पानांतून प्रथम मिळालेलं पायलोकार्पिन देतात. त्यानं तोंडाला पाणी सुटतं खरं, पण ते औषध एका जागी थांबतंय कुठलं, बसल्या जागी दरदरून घामही फोडतं.