कट्यारीचा गंज काढण्यापूर्वी

दसरा जवळ आला की शस्त्रपूजेसाठी माळ्यावरच्या पेटीतून एखादी जुनी कट्यार खाली येते. गंज दिसतो आणि घरातले सगळे अस्वस्थ होतात. आमचे पुरुषोत्तमनगर साखर कारखान्याचे गाव. इथे लेथ आणि ग्राइंडर कुणाला नवे नाहीत. ‘अर्ध्या तासात आरशासारखी करून देतो’ म्हणणारा भेटतोच. आमच्या घरची कट्यार अशीच चकचकीत होऊन आली, पण मुठीवरच्या वेलबुट्टीचे सोने कायमचे गेले.

त्या कामाला कोफ्तगिरी म्हणतात. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांवर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात. थर इतका पातळ की पॉलिश पेपरचे चार हातही पुरे होतात. म्हणून आधी भिंग घ्यावे, फोटो काढावेत, मगच हात लावावा. सोने दिसले नाही, पण रेघांची जाळी दिसली, तर तिथे कधी काळी काम होते हे समजते. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल तर ते जौहरदार पोलाद. घासल्यावर ती दिसेनाशी होते आणि पुन्हा उठवणे जाणकाराचेच काम.

पाते मुठीला रिव्हेटने जोडलेले असेल तर कट्यार हिणकस समजू नये. सतराव्या शतकात दख्खनेत युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कट्यारींना बसवत असत. जोडावर विजेच्या वेल्डिंगचे मणी दिसले तर मात्र ते काम अलीकडचे. ‘शिवकालीन’ हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी फार स्वस्त असतो, आणि नवे पाते आम्लात बुडवून जुने करता येते!

आता गंज. काळसर, घट्ट थर राहू द्यावा. बोटाला लागणारा तांबूस गंज तेवढा काढायचा. शिलाई मशीनचे तेल लावून दिवसभर ठेवावे आणि बांबूच्या कामटीने हलकेच खरवडावे. चिंच, लिंबू तांब्या-पितळेला ठीक, पोलादाला ते खाते. खोबरेलही नको, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. पूजेचे हळदकुंकू त्याच दिवशी कोरड्या फडक्याने पुसावे.

म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फाळक्या, वर कातडे किंवा मखमल, टोकाला धातूची तहनाळ. विरलेली मखमल धुऊ नये, बदलूही नये. सांधा सुटला असेल तर सुती फितीने बांधावा. म्यान ओलावा धरून ठेवते, त्यात कमावलेल्या कातड्यातली द्रव्ये पोलादाला बाधतात. म्हणून कट्यार म्यानात न ठेवता शेजारी ठेवावी. पाते आत अडकले असेल तर ओढाताण न करता तज्ज्ञाला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशा वस्तूंच्या जतनाचा स्वतंत्र विभाग आहे.

कायद्याचेही थोडे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू 1972च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर परवान्याबद्दल पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

आमच्या कट्यारीच्या मुठीच्या एका कोपऱ्यात भिंगाखाली रेघांची जाळी अजून दिसते. तिथे आता मऊ फडक्याशिवाय काहीही लावत नाही.